चाक कुठं थांबतं ते पाहा

(गणेशोत्सवातील कुमार विभागाच्या बक्षीस समारंभात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी शब्दांकित.)





व्यासपीठावर उभं राहायची मला सवय नाही. माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते, मी डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि बदल्या होत होत काशीला आलो. हातात पाना असला की मी बरा असतो, माइक असला की घाम फुटतो. पण आपल्या सचिवांनी गळच घातली. म्हणाले, "मुलांनी यंदा जो देखावा केला त्याची हकीकत तुम्हीच सांगा, नाहीतर लोक समजतील की चाक बिघडलेलं होतं."

तर ती हकीकत सांगतो. चाक बिघडलेलं नव्हतं. बिघडणार होतो तो मी. मुलांनी वाचवलं. कसं, ते क्रमानं सांगतो.

मे महिन्यात कार्यकारिणीच्या बैठकीत विषय निघाला की आठवी ते अकरावीची मुलं उत्सवात फक्त प्रसाद वाटायला दिसतात. उरलेलं वर्ष शाळा, कोचिंग आणि मोबाईल. त्यांच्यासाठी काहीतरी करा. मी म्हणालो, दर रविवारी सकाळी दोन तास द्या, सभागृहामागची अडगळीची खोली द्या, मी त्यांना काहीतरी बनवायला शिकवतो. विषय काय? मला एकच विषय चांगला येतो, तो म्हणजे फिरणाऱ्या वस्तूचा तोल. रेल्वेत माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं.

पहिल्या रविवारी अकरा मुलं आली. तेरा ते सोळा वर्षांची. खरं सांगतो, मला धास्तीच वाटली. त्यातली तिघं दुर्गाकुंडाच्या बाजूला कोचिंगला जाणारी. त्यांना सगळी सूत्रं पाठ. मी डिप्लोमावाला, सूत्र लिहिताना कधीकधी अडखळतो. म्हणून मी फळा घेतलाच नाही. एक जुनी सायकल उलटी करून ठेवली.

पुढच्या चाकाचं बेअरिंग धुऊन, हलकं तेल घालून चाक अगदी मोकळं केलं होतं. मुलांना म्हटलं, "हळूच फिरवा आणि चाक कुठं थांबतं ते पाहा. हात लावायचा नाही." चाक फिरलं, मंद झालं, थोडं मागं आलं, पुढं गेलं आणि थांबलं. खाली आलेल्या जागी खडूची खूण केली. पुन्हा फिरवलं. पुन्हा तीच खूण खाली. दहा वेळा केलं, नऊ वेळा तीच जागा.

कोचिंगचा एक हुशार मुलगा लगेच म्हणाला, "काका, खाली येते ती बाजू जड." बरोबर. "मग आता काय करशील?" त्यानं झटकन सोल्डरच्या तारेचा वेढा घेतला आणि नेमका खुणेच्याच जागी गुंडाळला! वजनाच्या जागेत गल्लत. सगळी मुलं हसली, तोही हसला. सूत्र त्याला पाठ होतं, पण हाताला अजून ठाऊक नव्हतं. मग त्यानं तार काढून बरोबर समोरच्या आऱ्यावर गुंडाळली, थोडी कापली, पुन्हा फिरवली, पुन्हा कापली. अर्ध्या तासानं चाक प्रत्येक वेळी वेगळ्या जागी थांबायला लागलं.

बंधू-भगिनींनो, तोलाची माझी व्याख्या एवढीच आहे. तोल साधलेलं चाक कुठंही थांबतं. त्याला आवडती जागा राहत नाही. जे चाक दरवेळी एकाच जागी येऊन बसतं, त्याच्या पोटात काहीतरी जड आहे.

आणखी एक गंमत त्याच दिवशी कळली. सगळ्यांना वाटत होतं, हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो तीच बाजू जड असणार. पण आमच्या चाकाची खूण व्हॉल्व्हच्या समोर निघाली. शोधलं तेव्हा दिसलं, तिथं रिमचा सांधा होता आणि तो सांधाच जास्त जड होता. अंदाज करण्यापेक्षा फिरवून पाहावं, हा पहिला धडा मुलांना सायकलनं दिला. मी काही केलं नाही.

दुसऱ्या रविवारी मी खोजवाँ भागातल्या कश्मीरीगंजातून डझनभर लट्टू घेऊन आलो. आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक असेल, बनारसची लाकडी खेळणी तिथं खरादीवर उतरतात. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांची आठवण व्हावी असा तो लाखेचा रंग. मी मुद्दाम आर न ठोकलेले लट्टू मागितले. कारागीर हसून म्हणाला, "बिना कील का लट्टू लेकर क्या करिएगा, साहब?" मी म्हटलं, बच्चे ठोकेंगे. त्यानं मान हलवली. त्याला पुढचं दिसत होतं.

मुलांनी आर ठोकली. बारापैकी दोन भोवरे नीट फिरले. बाकीचे कुणी थरथरत, कुणी झिंगल्यासारखे कोपऱ्यात जाऊन पडले. कुणाची आर दोन मिलीमीटर बाजूला, कुणाची तिरकी. आम्ही लहानपणी म्हणायचो, भोवरा झोपला. म्हणजे तो इतका सरळ आणि शांत फिरतो की फिरतोय हेच कळत नाही. एका मुलीनं तीन वेळा आर काढली, भोकात काडी आणि फेविकॉल भरला, पुन्हा मध्य काढला, पुन्हा ठोकली. चौथ्या वेळी तिचा भोवरा झोपला. ती ओरडली नाही. नुसती उकिडवी बसून बघत राहिली. माझ्या वडिलांनी कुर्डुवाडीच्या क्वार्टरच्या ओट्यावर मला अशीच आर बसवायला शिकवली होती, ते आठवून मला क्षणभर बोलवेना.

असो. तिसऱ्या रविवारी मात्र मी चुकलो आणि ते सांगायलाच हवं. छोट्या मोटरवर लाकडी चकती लावून, असमतोल वेगाबरोबर किती वाढतो ते दाखवत होतो. चकतीवर एक नट नुसत्या चिकटपट्टीनं लावला. मोटर चालू केली आणि नट सुटून थेट ट्यूबलाइटवर. काचा खाली आल्या. कुणाला लागलं नाही ही गणरायाची कृपा, पण चूक सगळी माझी. त्या दिवसापासून नियम झाला. फिरणाऱ्या वस्तूच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, डोळ्यांवर चष्मा, पुढे प्लायवूडची आडभिंत, आणि वजन लावायचं ते स्क्रूनं. दोन पालकांनी पुढच्या रविवारी मुलांना पाठवलं नाही. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आणि आडभिंत दाखवायला बोलावलं. मुलं परत आली.

तेव्हा एका मुलानं विचारलं, "काका, एवढासा नट, एवढा जोर कुठून आला?" मी त्यांना रेल्वेचा हिशेब करायला लावला. डब्याचं नवीन चाक साधारण ९१५ मिलीमीटर व्यासाचं. गाडी ताशी १३० किलोमीटरनं चालली तर ते सेकंदाला साडेबारा फेरे घेतं. समजा केंद्रापासून ४० सेंटीमीटरवर फक्त १०० ग्रॅम जास्तीचं वजन राहिलं. म्हणजे एक लहानसं सफरचंद. ते सफरचंद चाकाला सुमारे २५ किलो वजनाइतक्या जोरानं बाहेर ओढतं आणि ही ओढ सेकंदाला साडेबारा वेळा दिशा फिरवते. गाडीचा वेग निम्मा केला तर ओढ निम्मी होत नाही, चौथाई होते, सहा किलोच्या आसपास. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. म्हणून सायकलला चालतं ते गाडीला चालत नाही. म्हणूनच भरधाव चालणाऱ्या चाकजोड्या आणि मोटरचे फिरणारे भाग आम्ही यंत्रावर फिरवून तोलतो. जुन्या वाफेच्या इंजिनाच्या मोठ्या चाकावर आऱ्यांमध्ये अर्धचंद्रासारखा लोखंडी भाग दिसतो, तो शोभेचा नसतो. समोरच्या दांड्यांचं वजन तोलायला तो असतो.

आपल्या शहराचं या विषयाशी जवळचं नातं आहे. १९६४ च्या जानेवारीत इथल्या कारखान्यातून पहिलं डिझेल इंजिन राष्ट्राला अर्पण झालं. २०२० पासून त्या कारखान्याचं नाव बनारस रेल इंजिन कारखाना आहे, तरी आपल्या तोंडी अजून डीएलडब्ल्यूच बसलंय. आपल्यातली कितीतरी घरं त्या इंजिनांवर उभी राहिली. तेव्हा फिरत्या वस्तूचा तोल हा आपल्या मुलांच्या घरचाच विषय म्हणायचा.

चौथा प्रयोग लाटण्याचा. हसू नका. लाटण्याच्या दोन्ही टोकांना मधोमध खिळे ठोकले. एका टोकाला वरच्या अंगाला एक स्क्रू, दुसऱ्या टोकाला खालच्या अंगाला तेवढाच स्क्रू. दोन पोलादी पट्ट्यांच्या कडांवर ठेवलं तर लाटणं कुठंही थांबतं. म्हणजे तोल आहे. मुलं म्हणाली, झालं. मग तेच लाटणं दोन्हीकडे रबरबँडच्या फासात टांगलं आणि दोरा गुंडाळून जोरात फिरवलं. काय थयथयाट! एक टोक वर तर दुसरं खाली. उभ्या-उभ्या तोल होता, फिरताना गेला. दोन्ही वजनं सारखी, समोरासमोरही, पण एका रेषेत नाहीत. एक इकडच्या टोकाला, एक तिकडच्या. त्यामुळे फिरताना दोघं मिळून लाटण्याला पिळतात. उपाय काय, तर प्रत्येक टोकाचा तोल त्याच टोकाला साधायचा. मुलांना हे शोधायला दोन रविवार लागले. मी पहिल्या पाच मिनिटांत सांगू शकलो असतो. न सांगता गप्प बसणं मला चाळीस वर्षांत जेवढं जड गेलं नाही तेवढं त्या दोन रविवारी गेलं.

आता देखाव्याकडे येतो.

जुलैच्या बैठकीत मी उत्साहानं जाहीर केलं की यंदा मुलं भास्कराचार्यांचं स्वयंवह चक्र करतील. भास्कराचार्य आपल्या सह्याद्रीच्या कुशीतले. चाळीसगावजवळच्या पाटण गावच्या शिलालेखात त्यांच्या वंशाची हकीकत आहे. ११५० साली त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. त्यातल्या गोलाध्यायात यंत्रांचं एक प्रकरण आहे. त्यात अशा चाकाचं वर्णन येतं: हलक्या लाकडाचं चाक, त्याला सारख्या अंतरावर पोकळ आरे, सगळे एकाच बाजूला किंचित वाकलेले, प्रत्येक आरा अर्धा पाऱ्यानं भरून तोंड बंद केलेलं. दोन आधारांवर ठेवलं की हे चाक आपोआप फिरत राहतं, असं तिथं म्हटलं आहे.

आणि याच ग्रंथाचं काशीशी, मराठी माणसाशी नातं आहे. बापूदेव शास्त्री इथल्या संस्कृत कॉलेजात शिकवत. म्हणजे आजच्या संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालयाच्या जागी. गोलाध्यायाचं इंग्रजी भाषांतर लॅन्सलॉट विल्किन्सन यांनी केलेलं होतं, ते बापूदेवांनी तपासून सुधारलं आणि ते १८६१ साली छापलं गेलं. महाराष्ट्रातल्या आचार्यांचं चाक काशीतल्या मराठी शास्त्रीबुवांच्या हातून जगापुढे गेलं. देखाव्याला याहून चांगला विषय कुठला? सगळ्यांना पसंत पडला. फलकही रंगवायला गेला: "आपोआप फिरणारे चक्र, आपल्या पूर्वजांचे विज्ञान."

माझी चूक इथं झाली. मी शब्द दिला आणि चाक करून पाहिलंच नव्हतं.

मुलांनी झटून चाक केलं. साठ सेंटीमीटर व्यास, आठ वाकड्या पारदर्शक नळ्या. पारा विषारी, तो मुलांच्या हातात द्यायचा नाही, म्हणून प्रत्येक नळीत भंगारातल्या बेअरिंगची एकेक पोलादी गोळी. चाक फिरलं की एका बाजूच्या गोळ्या घरंगळून कडेला जातात, दुसऱ्या बाजूच्या मध्याकडे येतात. कडेची गोळी जास्त जोर लावणार, तेव्हा ती बाजू सतत खाली जाणार आणि चाक फिरत राहणार. ऐकायला अगदी बिनतोड.

ढकललं. गोळ्या टकटक वाजल्या. सहा फेरे झाले आणि चाक थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं. दुसऱ्या दिवशी बेअरिंग बदललं. मग नळ्यांचा बाक बदलला. तरी थांबलंच. उत्सव नऊ दिवसांवर आला होता.

मंडळी, तेव्हा मी काय केलं ते आज सगळ्यांसमोर सांगतो. मी मुलांना म्हटलं, "मागच्या बाजूला एक बारीक मोटर लावू. पडद्यामागं दिसणार नाही. लोकांना आनंद होईल, भास्कराचार्यांचा मान राहील." देखाव्यात मोटर असतेच, त्यात काय पाप, असं मी स्वतःची समजूत घालत होतो.

खोलीत कुणी बोललं नाही. मग जिचा भोवरा चौथ्या वेळी झोपला होता ती मुलगी म्हणाली, "काका, ही तर चीटिंग झाली ना. तुम्हीच म्हणाला होता, चाक कुठं थांबतं ते पाहा. हे थांबतंय. मग आपण बघायचं की झाकायचं?"

नववीतल्या मुलीनं विचारलं आणि वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या माणसाला उत्तर सुचेना. आमच्या कामात चाक थरथरतंय आणि कागदावर "ठीक" लिहिलं, यापेक्षा मोठं पाप नाही. हे मी नव्या मुलांना कारखान्यात ऐकवत असतो. आणि इथं मीच मोटर लपवायला निघालो होतो.

तेव्हा कोपऱ्यातला एक मुलगा उठला. तो फार बोलत नाही. गेल्या वर्षी गणितात मागं पडला म्हणून घरी त्याला बोलणी बसतात. त्यानं थांबलेल्या चाकाच्या मधोमध ओळंबा सोडला आणि फूटपट्टी घेऊन प्रत्येक गोळी ओळंब्यापासून आडवी किती लांब आहे ते मोजायला लागला. खालच्या बाजूला जाणाऱ्या, म्हणजे उजव्या अंगाला तीन गोळ्या: २६, २० आणि १५ सेंटीमीटर. डाव्या अंगाला पाच: २०, १६, १२, ९ आणि ३. त्यानं वहीत बेरीज केली. उजवीकडे ६१, डावीकडे ६०. वही माझ्याकडे न देता आधी त्या मुलीला दाखवली.

लक्षात आलं का? उजवीकडच्या गोळ्या लांब आहेत खऱ्या, पण तीनच आहेत. डावीकडच्या जवळ आहेत, पण पाच आहेत. लांबीनं जे कमावलं ते संख्येनं गेलं. चाक फिरवून बघा, एक गोळी इकडून तिकडे जाते, पण काही अंश फिरलं की पुन्हा तीच बरोबरी येते आणि चाक तिथं येऊन बसतं. वर, गोळ्या आपटतात त्या प्रत्येक टकटकीत थोडा वेग खर्च होतो. त्या मुलानं लगोलग दुसरा प्रयोग केला. सगळ्या गोळ्या काढल्या, रिकाम्या चाकाचा सायकलसारखा तोल साधला आणि तेवढ्याच जोरानं ढकललं. एक्केचाळीस फेरे! आपोआप फिरणारं म्हणून केलेलं चाक सहा फेऱ्यांत थांबलं आणि साधं तोललेलं चाक एक्केचाळीस फेरे गेलं.

असमतोलानं चाक चालत नाही. असमतोल चाकाला थांबवतो. चालतं ते तोललेलं चाक, आणि तेही कुणीतरी ढकलावं लागतं. अकरा मुलांना त्या दुपारी हे जे कळलं ते मी शंभर फळे भरून सांगू शकलो नसतो.

आता प्रश्न राहिला फलकाचा आणि भास्कराचार्यांच्या मानाचा. मला मनातून वाईट वाटत होतं की मुलं म्हणतील, पूर्वजांचं खोटं निघालं. आपल्या गल्लीत एक निवृत्त संस्कृत अध्यापक आहेत, आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. मुलांना घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गोलाध्याय काढला, चाकाचं वर्णन वाचून दाखवलं, आणि मग म्हणाले, "पुढचंही वाचू." पुढे भास्कराचार्यांनी सांगितलंय की अशी आपोआप चालणारी नाना यंत्रं कुहकविद्येनं होतात. आपल्या भाषेत म्हणजे हातचलाखीनं, गारुडीविद्येनं. ही गोलाच्या शास्त्रातली नव्हेत, पूर्वीच्यांनी सांगितली आहेत म्हणून मीही सांगितली. आणि त्याच प्रकरणात ते म्हणतात की बुद्धिमंताला फार यंत्रं लागत नाहीत. एक काठी आणि बुद्धी पुरते.

ऐकून मी खालीच बसलो. नऊशे वर्षांपूर्वी आचार्यांनी ज्याला हातचलाखी म्हटलं, नेमकी तीच करायला मी निघालो होतो, आणि त्यांच्याच नावानं! आणि त्या मुलानं काय वापरलं होतं? एक फूटपट्टी आणि बुद्धी.

गुरुजींनी आणखी एक सांगितलं. जुने सिद्धान्तग्रंथ संपादणारे हेच बापूदेव शास्त्री नव्या गणितावर लिहीत होते आणि इंग्रजांच्या नॉटिकल अल्मनाकवरून पंचांगही काढत होते. जुन्या ग्रंथाबद्दल आदर आणि आकाशात प्रत्यक्ष दिसतं त्याच्याशी पडताळणी, दोन्ही एकाच माणसात. गुरुजी मुलांना म्हणाले, "तपासून पाहिलंत, म्हणजे तुम्ही आचार्यांचा अपमान केला नाहीत. त्यांचं पुस्तक पुरतं वाचलंत." स्वतःच्या बळावर कायम फिरणाऱ्या चाकाचा नाद युरोपलाही होता. तेराव्या शतकात तिथं तशी चित्रं काढली गेली आणि अखेर १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं असल्या यंत्रांचे प्रस्ताव तपासणंच बंद केलं. तेव्हा या बाबतीत कुणी कुणाला हसायचं कारण नाही.

फलक पुसला. मुलांनी नवीन लिहिला, तो आपण सर्वांनी पाहिलाच: "हे चाक आपोआप फिरत नाही. का फिरत नाही, ते फिरवून पाहा." शेजारी गोळ्यांशिवायचं तोललेलं दुसरं चाक ठेवलं आणि मध्ये एक फूटपट्टी बांधली.

कार्यकारिणीतल्या काहींना काळजी होती की न चालणारा देखावा कोण बघणार. मलाही होती. पहिल्याच संध्याकाळी दुर्गाघाटाकडच्या एक आजी आल्या. चाक बघून म्हणाल्या, "अगो बाई, फिरत नाही तर मांडलंय कशाला?" मी पुढे होणार तेवढ्यात तो न बोलणारा मुलगा म्हणाला, "आजी, आधी तुम्ही ढकला. मग सांगतो." आजींनी दोन्ही चाकं ढकलली. फेरे मोजले. मग त्यानं त्यांना बेरीज समजावली. आजी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या जात्यासारखंच की रे. जातं नीट बसलेलं नसलं की हात भरून येतो, पीठ काही पडत नाही." मुलगा म्हणाला, "तेच!" शेवटच्या दिवसापर्यंत ती रांग हटली नाही. आणि त्या मुलाचा आवाज सगळ्या उत्सवभर मांडवात ऐकू येत होता. त्याची आई मला भेटून म्हणाली, "भाऊजी, हा घरात एवढं बोलत नाही हो." त्यावर मी काय बोलणार? चाकाला नुसतं ढकलणारं कुणीतरी लागतं.

आता दोन विनंत्या करून थांबतो.

पहिली पालकांना. मुलांना एक कोपरा द्या. एक पाना, एक पेचकस, एक फूटपट्टी, एक जुनी सायकल. खर्च म्हणाल तर एका पिझ्झ्याएवढा. कोपऱ्यात पसारा होईल, तो होऊ द्या. मूल चुकीच्या बाजूला वजन लावील. लगेच सांगू नका. पाच मिनिटं गप्प बसा. फार कठीण आहे, मला ठाऊक आहे.

दुसरी कार्यकारिणीला. ती अडगळीची खोली वर्षभर रविवारी उघडी ठेवा. पुढच्या वर्षी मुलांना आरतीच्या मखरामागचं फिरतं चक्र करायचंय. गेली कित्येक वर्षं ते खडखडतंय, आणि आपण ढोल मोठ्यानं वाजवून तो आवाज झाकतो. या वेळी मोटर असेल, पण सगळ्यांना दिसेल अशी. आणि चक्राचा आवाज येणार नाही, असा मुलांनी शब्द दिलाय. आधी करून पाहायचं आणि मग शब्द द्यायचा, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "काका, लहान चक्र करून पाहिलंय. म्हणूनच तर बोलतोय."

आज बक्षीस मुलांना मिळतंय. खरं म्हणजे या वर्षी शिकलो मी. आपलं सर्वांचं, आपल्या मंडळाचं आणि आपल्या घरांचं चाक असंच तोलात राहो, कुठं जड झालं तर झाकण्याआधी थांबून पाहण्याची बुद्धी गणराय आपल्याला देवो, एवढं मागतो आणि आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!